सोसायटी ग्रुप: हॉलचा राउटर बदलायचा का?

चेअरमन: नमस्कार मंडळी. ऑफिस आणि हॉलमधलं नेट रखडतंय. प्लॅन २०० एमबीपीएसचा, टेस्टला आकडा ९४ च्या वर सरकत नाही. दुकानदार म्हणतो ‘एएक्स३०००’ राउटर घ्या. मेंटेनन्समधून घ्यायचा का? गणपतीच्या आधी उरकू.

ए-१०४: घ्या घ्या. चाकरमानी आले की सगळ्यांचे मोबाइल हॉलच्या वायफायवरच पडतात.

बी-३०२: काका, जरा दम धरा. वायफाय कमजोर असतं तर आकडा वरखाली झाला असता. नेमका ९४ वर टेकतोय म्हणजे मध्ये कुठेतरी १०० चा पोर्ट नाहीतर वायर आहे. १०० च्या पोर्टातून हेडर (डेटावरचा पत्त्याचा मजकूर) वगैरे वजा जाऊन ९४ च हाती लागतात. राउटरचं मॉडेल पाठवा.

ए-१०४: ९४ तरी कुठे! मी हॉलमध्ये राउटरशेजारी बसून फाइल उतरवली, ११ च दाखवत होता.

बी-३०२: वहिनी, ते ११ मेगाबाइट, प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये. एका बाइटात आठ बिट, म्हणून आठने गुणा, ८८ म्हणजे नव्वदीच्या आसपास येतं. रोग तोच.

सी-२०१: बॉक्सार काय लिवला ता सोडा रे. आमच्या भजनाच्या खोलीत रेंज कित्याक येणा नाय ता सांगा 😀

चेअरमन: फोटो टाकलाय बघ.

बी-३०२: मॉडेल एसी१२००, पोर्ट गिगाबिट म्हणजे १००० चे आहेत. मग राउटरवर लगेच खापर नको. संध्याकाळी मोजतो.

बी-३०२: मोजलं. लांबलचक आहे, चहा घेऊन वाचा.

नेटवरची स्पीड टेस्ट कंपनीची लाइन, त्यांचा सर्व्हर, आपली वायर, राउटर, वायफाय सगळं एका आकड्यात मोजते. दोष कुणाचा ते त्यातून कळत नाही. म्हणून इंटरनेट बाजूला काढलं. एक लॅपटॉप राउटरच्या वॅन पोर्टला (जिथे बाहेरची लाइन लागते), दुसरा लॅन पोर्टला (जिथे आपली यंत्रं लागतात), दोन्ही नव्या वायरींनी, आणि दोघांमध्ये आयपर्फ३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवलं. दोन्ही लॅन पोर्टला लावले असते तर नुसता आतला स्विच मोजला गेला असता, राउटरचं खरं काम झालंच नसतं. आयपर्फ स्वतः राउटरवर चालवायचंही नाही, प्रोसेसर मोजण्यातच दमतो. दोन्ही दिशांनी सोडून पाहिलं: ९४० च्या आसपास. गिगाबिट पोर्टातून याहून फारसं निघतच नाही. राउटर ठणठणीत.

मग फायबरच्या डब्याकडून येणारी जुनी वायर परत लावली. राउटरच्या सेटिंगच्या पानावर त्या वायरीचा वेग लगेच १००. क्लिप काढली तर पिना गंजून हिरव्या. खिडकीतून येते ना, समुद्राकडच्या. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून नेट बंद न पडता नुसतं मंदावलं. नवीन वायर घातल्यावर नेटवरच्या टेस्टला प्लॅनचे पूर्ण २०० आले.

चेअरमन: म्हणजे राउटरचा खर्च वाचला?

बी-३०२: वाचला. आणि त्या ‘३०००’ वर जाऊ नका. ५७४ आणि २४०२ अशी दोन बँडची (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन लहरींची) बेरीज आहे ती. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, आणि हवेतला तो आकडा निम्मा हाती आला तरी नशीब.

सी-२०१: आणि आमची खोली??

बी-३०२: तीही मोजली, मामा. लॅपटॉप वायरने राउटरला, फोन वायफायवर. शेजारी पाचशेच्या आसपास, तुमच्या खोलीत दार लावून जेमतेम ३०. मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती आहेत. ५ गिगाहर्ट्झ तिथे मार खातं, २.४ पोचतं पण धिमं. दीड हजाराचा राउटर आणा नाहीतर पाच हजाराचा, भिंत तीच राहणार. वायर ओढून खोलीत एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथूनच वायफाय देणारा डबा, लावा.

ए-१०४: मुलांच्या वेळेचं कंट्रोल लावलं तर परत मंदावेल का?

बी-३०२: स्वस्त राउटरात पुष्कळदा मंदावतं. डेटाचा प्रत्येक तुकडा (पॅकेट) प्रोसेसरला तपासावा लागतो. कंट्रोल चालू करून तीच टेस्ट परत घेतो, मग सांगतो.

चेअरमन: ठरलं तर. राउटर रद्द, ॲक्सेस पॉइंट मंजूर. वायर बाहेरून नको, आतून पट्टीतून घ्या. ड्रिल कोणाकडे आहे?

सी-२०१: माझ्याकडे आसा. पण बिट लांब व्हया, चिरो जाड आसा.

चेअरमन: बिट मी आणतो. रविवारी सकाळी दहाला.