महाराष्ट्र डर्बी कुठे बघावी, बालेवाडीत का वरळीच्या डोममध्ये?

कोथरूडचा_बाबा:
नमस्कार मंडळी. पोरगा दहा वर्षांचा आहे आणि गेली दोन वर्षं घरात कबड्डीशिवाय विषय नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने रेषा मारून खेळतात आणि रोज एक गुडघा फोडून वर येतो. आत्तापर्यंत सगळं टीव्हीवरच बघितलंय. प्रो कबड्डी लीगचा २०२५ चा सीझन विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली असा चार गावांत उरकला, पुणे नाही मुंबई नाही, आणि फायनलला आपली पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून त्यांच्याच घरात ३१-२८ ने हरली त्या रात्री हा गडी न जेवता झोपला. समजूत काढायला मी बोलून बसलो की मॅचेस परत आपल्याकडे आल्या की पुणेरी पलटण विरुद्ध यू मुंबा, म्हणजे महाराष्ट्र डर्बी, प्रत्यक्ष दाखवतो. गणिताचे पाढे विसरतो, हे काही विसरत नाहीये.

बायकोचं माहेर लालबाग, मेहुणा कट्टर मुंबावाला. त्याचं म्हणणं डोममध्ये बसल्याशिवाय कबड्डी बघितली असं म्हणूच नये. मला बालेवाडी घरापासून अर्ध्या तासावर, म्हणजे ट्रॅफिकने मनावर घेतलं तर. मेहुणा बालेवाडीत कधी पाय ठेवलेला नाही, त्यामुळे त्याचं मत मी धरत नाही. दोन्हीकडे बसलेलं कोणी असेल तर सांगा, वातावरण कसं असतं, सीट कुठली घ्यावी, लहान पोराला झेपेल का.

औंधचा_रेडर:
बालेवाडी, प्रश्नच नाही. २०२३ च्या डिसेंबरात पुण्याच्या लेगला, म्हणजे लीगच्या पुण्यात झालेल्या मॅचेसना, आमचा ग्रुप चार दिवस गेला होता, ऑफिस हिंजवडीत त्यामुळे सुटलं की लॅपटॉपची बॅग घरी जाणाऱ्याच्या गळ्यात टाकून सरळ तिकडेच. त्याच सीझनला पलटणने कप मारला, १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरयाणाला २८-२५, म्हणजे आम्ही बघितली ती चॅम्पियन टीम आणि तेव्हा आम्हाला पत्ताच नव्हता. अस्लम इनामदार चढाईला निघाला की अख्खा हॉल एकदम उभा राहायचा, मागचा माणूस "बसा बसा" ओरडायचा आणि स्वतः पण उभाच.

टीव्हीवर एक गोष्ट कधी कळत नाही ती म्हणजे आवाज. मॅटवर बूट चर्र करतात ते ऐकू येतं, आणि पकड झाली की सहा-सात अंगं एकदम आपटतात तो धप्प आवाज पोटात जाणवतो. माझ्या शेजारी एक कॉलेजची मुलगी पहिल्यांदाच आली होती, पहिल्या पकडीला तिने डोळेच मिटले, दुसऱ्या हाफला तीच "धर धर, पाय धर" ओरडत होती.

कोथरूडहून येताना एक करा, सहाच्या आत राधा चौक पार करा. त्यानंतर निघालात तर पहिली मॅच गाडीतच मोबाईलवर बघायला लागेल.

परळ_ते_वारजे:
मेहुण्याची बाजू घेणारा कोणीतरी पाहिजे म्हणून लिहितो. मी जन्माने परळचा, बारा वर्षं झाली पुण्यात. वडील गिरणीत होते आणि मातीवर कबड्डी खेळलेले, अजून पाऊस आला की गुडघा दाखवतात. २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा त्यांना डोमला घेऊन गेलो. आत शिरल्यावर म्हातारा दोन मिनिटं नुसता वर बघत होता आणि मग म्हणाला, "कबड्डीला एसी?" बस, एवढंच. नंतर पूर्ण मॅचभर एक शब्द नाही, फक्त हात मात्र आपोआप हलत होते, जणू कोपऱ्यात तोच उभा आहे.

डोमचं वेगळेपण छतात नाहीये, बाजूच्या सीटवर आहे. लालबाग, नायगाव, प्रभादेवी, वरळी, या पट्ट्यात घरटी एक माणूस मंडळाकडून खेळलेला असायचा, आणि ती सगळी पिढी तिकीट काढून तिथे येऊन बसते. माझ्या मागे एक काका होते, ते पुढे काय होणार ते आधीच सांगायचे. "आता तीनच उरलेत, हा आत घुसला की धरणार, दोन मिळणार." आणि खरंच अव्वल पकड, म्हणजे तीन किंवा कमी गडी असताना केलेली पकड. चढाई करणारा बोनसला, म्हणजे जादा गुणाच्या रेषेपलीकडे, पाय टाकण्याआधी काका "टाकला" म्हणायचे. पोराला कबड्डी नुसती दाखवायची नसेल, कळायला पण हवी असेल तर असल्या काकांच्या पुढच्या रांगेत बसवा.

आणि आठवणी आहेतच. २०१४ ची फायनल तिथेच, जयपूरने आम्हाला ३५-२४ ने धुतलं, डोममधून बाहेर पडताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच छताखाली बंगळुरूला ३६-३० ने हरवून कप घेतला. अनुप कुमारचा मुंबा तो. (नंतर तोच अनुप पलटणचा कोच झाला, ते आमच्या घरात अजून कोणी काढत नाही.)

औंधचा_रेडर:
काका लोक बालेवाडीत पण असतात हो. आमच्याकडे मुळशी-मावळातून येतात, टोपीसकट. फक्त ते आधी सांगत नाहीत, झाल्यावर सांगतात "मी म्हणलोच होतो".

परळ_ते_वारजे:
मान्य 😄

दोन_मुलांची_आई:
सगळे आवाज आणि आठवणी सांगतायत, घरी परत कसं यायचं ते कोणी सांगत नाहीये. मी माझ्या दोघांना आणि भाच्याला घेऊन दोन्हीकडे गेलेय. डबल हेडर, म्हणजे एका दिवशी दोन मॅचेस, असेल तर पहिली मॅच आठला, दुसरी नऊला, म्हणजे सुटायला दहा वाजून जातात. बालेवाडीतून निघालो की फार तर अकरा-सव्वाअकराला घरी, पोरं गाडीत झोपतात, उचलून वर न्यायची. मुंबईहून त्याच दिवशी परत यायचं असेल तर एक्सप्रेसवेच्या फूड मॉलवर रात्री एक वाजता वडापाव खात उभं राहण्याची तयारी ठेवा. आम्ही तसंच केलं आणि धाकटी दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावर झोपली, बाईंनी डायरीत लिहून पाठवलं. तुमचं तर लालबागला हक्काचं घर आहे, मुक्काम करा, शनिवार बघा. डोमवरून लालबाग म्हणजे टॅक्सीने जवळच.

जाताना ट्रेनने जाणार असाल तर महालक्ष्मी स्टेशन सोयीचं, आता भुयारी मेट्रोचं सायन्स सेंटर स्टेशन पण जवळ पडतं. गाडी नेऊ नका. आम्ही नेली होती, वरळीत एका पे अँड पार्कवाल्याने एवढे पैसे घेतले की यजमान पहिला हाफ तेवढंच बोलत होते.

अजून एक. डीजे फार जोरात असतो, दोन्हीकडे. प्रत्येक पॉइंटला गाणं. माझ्या मोठ्याला मजा वाटली, भाचा कान धरून बसला. कानात घालायचा कापूस पर्समध्ये ठेवा. आणि हाफटाइम पाचच मिनिटांचा असतो, तेव्हा टॉयलेटला गेलात तर दुसऱ्या हाफच्या पहिल्या दोन-तीन चढाया गेल्याच समजा, मध्येच टाइमआउट झाला की पळायचं.

फजलचा_फॅन:
उशिरा लिहितोय पण मी बहुतेक इथला एकटाच असेन जो पलटणचा फॅन म्हणून डोममध्ये रडलाय. १७ डिसेंबर २०२२, फायनल, पलटण विरुद्ध जयपूर, आणि ठिकाण वरळी. पुण्याची पहिली फायनल आणि ती मुंबईत, घ्या. आम्ही सहाजण पहाटे डेक्कन जिमखान्यावर भेटून निघालो, मॅच संध्याकाळची, अख्खा दिवस हाजी अलीला ज्यूस पीत काढला. भीती ही की मुंबईकर आपल्याला पाण्यात बघणार. आत गेलो तर उलटंच. फजल अत्राचली तेव्हा आपला कॅप्टन, आणि त्याच्या आधी तो मुंबाचा कॅप्टन, २०१५ च्या कपवाल्या टीममधला. त्याचं नाव पुकारल्यावर डोममधून जो आवाज उठला तो पुण्याच्या टीमसाठी नव्हता, त्यांच्या जुन्या माणसासाठी होता, पण आम्ही घेतला आपला पदरात पाडून. माझ्या पुढे एक दादा मुंबाचा टीशर्ट घालून पलटणसाठी घसा फोडत होता. मी विचारलं तर म्हणे "महाराष्ट्र आहे ना, आज चालतंय. उद्यापासून परत नाय."

हरलो ३३-२९. शेवटच्या काही मिनिटांत वाटत होतं की होईल होईल, नाही झालं. त्या दादाने जाताना माझ्या पाठीवर थाप मारली, काही बोलला नाही.

आता गंमत बघा, दोन वर्षांनी बरोब्बर उलटं झालं. २०२४ ची फायनल आणि प्लेऑफ सगळे बालेवाडीत, आणि आपली पलटण प्लेऑफला नाहीच, मुंबा मात्र आहे. एलिमिनेटरला पाटण्याने त्यांना ३१-२३ ने बाहेर काढलं, आपल्या हॉलमध्ये. मी गेलो होतो. त्या दादाला स्मरून मुंबासाठी ओरडायचं ठरवलं होतं, पण खरं सांगतो, तोंडातून आवाजच फुटेना. शेजारचे दोघं तर सरळ पाटण्यासाठी टाळ्या वाजवत होते. म्हणजे यजमान म्हणून मन कोणाचं मोठं ते तुम्हीच ठरवा, मला माझ्या गावाबद्दल वाईट बोलायचं नाहीये.

औंधचा_रेडर:
मी त्या दोघांपैकी एक असू शकतो.

परळ_ते_वारजे:
फजलचा_फॅन भाऊ, वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्या पोराला घरी जेवायला बोलव.

तिसरी_चढाई:
सीटचा प्रश्न राहिलाच की. मी शाळेत पोरांना शिकवतो म्हणून थोडं लिहितो. सगळे कॅमेऱ्यासारखं लांब बाजूला मधल्या रेषेसमोर बसायला धावतात, तिथून दोन्ही टीम सारख्या दिसतात हे खरं. पण तुमचा पोरगा खेळतो ना? मग एकदा तरी शेवटच्या रेषेच्या मागे बसवा. तिथून तुम्हाला बचावाची पाठ दिसते, म्हणजे उजव्या आणि डाव्या कोपऱ्याचे पाय कसे सरकतात, साखळीतले हात कधी घट्ट होतात आणि कधी सुटतात, खुणा कशा चालतात. चढाई करणारा तर थेट तुमच्या अंगावर येतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण मिळवायचा नाहीतर बाद व्हायचं, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघायला सांगा पोराला, टीव्हीवर तेव्हा तीस सेकंदांचं घड्याळच जास्त बघितलं जातं. हाफनंतर बाजू बदलतात, त्यामुळे दोन्ही टीमचा बचाव बघून होतो. अगदी पहिली रांग घेऊ नका, कडेचे जाहिरातीचे बोर्ड आडवे येतात आणि लहान पोराला नेमकी निदान रेषाच (चढाईत ओलांडावी लागते ती) दिसत नाही. पाचवी-सहावी रांग बरी.

आणि एक, तिकीट काढायच्या आधी टाइमटेबल बघा. लीग गावोगाव फिरते, त्यामुळे डर्बी पुण्यात पडेल का मुंबईत का तिसऱ्याच गावात, सांगता येत नाही. ठिकाण तुम्ही निवडण्याआधी शेड्यूलवाले निवडतात.

कोथरूडचा_बाबा:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. काल रात्री हे सगळं पोराला वाचून दाखवलं. तिसरी_चढाई सरांचं ऐकून तो उठून भिंतीकडे तोंड करून कोपरारक्षक कसा उभा राहतो ते करून दाखवायला लागला, मग साडेअकरा.

डर्बी बालेवाडीत पडली तर बालेवाडी, शेवटच्या रेषेमागे, पाचवी रांग. मुंबईत पडली तर शनिवार धरून लालबागला मुक्काम आणि ताईंनी सांगितलेला कापूस. मेहुण्याला फोन केला, म्हटलं पुण्यात असेल तर तू ये. आधी म्हणाला सुट्टी नाही, मग म्हणाला येतो पण मुंबाचाच टीशर्ट घालून तुमच्या पोरांमध्ये बसणार. पोरगा स्पीकरवर ऐकत होता, म्हणाला मामा चालेल, पण जाताना गाडीत मागे बसायचं. फजलचा_फॅन, तुम्हाला जमलं तर मामाच्या शेजारची सीट तुमची.

परळ_ते_वारजे, बाबा अजून प्रवास करतात का? त्यांना विचारून सांगा, गाडीत एक जागा आहे.

परळ_ते_वारजे:
विचारलं. "एसी आहे का" म्हणाले. आहे म्हटल्यावर स्वेटर शोधायला गेलेत.