‘यू अँड आय’ की ‘यू अँड मी’?

जिज्ञासू :
‘बिटवीन यू अँड आय’ चूक का? मराठीत ‘मला’ असेल तिथे इंग्रजीत ‘मी’ (एम-ई), असं धरून चालले होते. पण ‘मला वाटतं’चं तर ‘आय थिंक’ होतं! मग ओळखायचं कशावरून? आणि ‘दॅन’नंतर काय?

अक्षरवेल :
मराठी विभक्तीवरून इंग्रजी सर्वनाम ठरवू नका, घोळ तिथेच होतो. मराठीत भूक, आठवण, इच्छा ज्याची असते त्याला आपण ‘ला’ लावतो : मला भूक लागली, तिला आठवलं, त्यांना हवंय. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होतो : ‘आय ॲम हंग्री’, ‘शी रिमेंबर्ड’, ‘दे वाँट इट’. ‘त्याने लिहिलं’मधल्या ‘ने’चंही तेच, इंग्रजीत साधं ‘ही’.

म्हणून आधी इंग्रजी वाक्य मांडा आणि त्यातलं क्रियापद शोधा. सर्वनाम त्या क्रियापदाचा कर्ता असेल तर आय, ही, शी, वी, दे. कर्म असेल, किंवा टू, फॉर, विथ, बिटवीन यांच्यामागून येत असेल, तर मी, हिम, हर, अस, देम. ‘यू’ आणि ‘इट’ बदलतच नाहीत. आपल्या कानाला ‘मी’ म्हणजे कर्ता आणि इंग्रजीत नेमकं उलट, त्यामुळे सुरुवातीला उच्चारही चकवतो.

रेघोट्या :
चुका बहुतेक ‘अँड’पाशी होतात. तिथे जोडीदार बोटाने झाका. ‘शी इन्व्हायटेड माय सिस्टर अँड आय’ यात ‘माय सिस्टर अँड’ झाकलं की ‘शी इन्व्हायटेड आय’ उरतं. लगेच खटकतं, म्हणजे ‘मी’ हवं. ‘मी अँड माय सिस्टर वेंट’मधून ‘मी वेंट’ उरतं, तिथे ‘माय सिस्टर अँड आय’.

‘बिटवीन’ला मात्र दोघं लागतातच, झाकून भागत नाही. दोघांच्या जागी एकच अनेकवचनी सर्वनाम घाला. ‘बिटवीन वी’ कोणी म्हणत नाही, ‘बिटवीन अस’ म्हणतात. ‘अस’ बसलं की ‘यू अँड मी’. ही चूक सुशिक्षितांच्या लिखाणातही दिसते, कारण ‘मी अँड...’बद्दल इतकं टोकलं जातं की मग माणूस भीतीने सगळीकडेच ‘अँड आय’ लावतो.

अक्षरवेल :
‘दॅन’चं राहिलं. ‘टॉलर दॅन मी’ बोलण्यात सर्रास चालतं. औपचारिक लिखाणात ‘दॅन आय ॲम’ असं क्रियापदासकट लिहा, वादच उरत नाही. पण ‘शी लाइक्स हिम मोअर दॅन मी’ हे जपून. मला तो जितका आवडतो त्यापेक्षा तिला तो जास्त आवडतो, की तिला माझ्यापेक्षा तो जास्त आवडतो? इथे ‘दॅन आय डू’ किंवा ‘दॅन शी लाइक्स मी’ असं पूर्णच लिहावं. दार वाजवून ‘इट्स मी’ म्हणणं अगदी बरोबर. ‘इट इज आय’ फार पुस्तकी वाटतं.

जिज्ञासू :
झाकायची युक्ती पटली. ‘हू’ आणि ‘हूम’लाही लागू पडेल का?

रेघोट्या :
तिथे उत्तर देऊन बघा. उत्तरात ‘हिम’ आला तर ‘हूम’, ‘ही’ आला तर ‘हू’. ‘हूम डिड यू मीट?’ – ‘आय मेट हिम.’ बोलताना इथे ‘हू’ही चालतं, ‘टू’, ‘फॉर’ला अगदी चिकटून आलं तर मात्र ‘हूम’च. फसगत होते ती ‘द पर्सन हू आय थिंक इज राइट’ अशा वाक्यात. मधलं ‘आय थिंक’ बघून हात ‘हूम’कडे जातो. ते दोन शब्द काढा : ‘हू इज राइट’. ‘इज’चा कर्ता तोच आहे, म्हणून ‘हू’.