सहावी ते आठवी : पालकांनी आणि शिक्षकांनी एकमेकांशी बोलायचे कसे? (अनुभव धागा)

मुलगी प्राथमिक वर्गात होती तोवर फाटकाशी बाईंशी उभ्याउभ्या दोन वाक्ये बोलली की काम भागत असे. सहावीपासून प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आले, आईने शाळेत येणे मुलीलाच आवडेनासे झाले, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना व ‘धन्यवाद मॅडम’ यांपलीकडे काही येत नाही. पालकांना नियमित भेटून मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 24 नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. ती भेट उपयोगाची कशी होते, हे मात्र अनुभवाशिवाय कळत नाही. पालक व शिक्षक दोघांनीही येथे लिहावे, ही विनंती. तक्रार असल्यास शाळेचे किंवा व्यक्तीचे नाव घेऊ नये.
— धागाकर्ती, ठाणे

वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी, सातारा जिल्हा
मी गणित शिकवते. पालकसभेपेक्षा प्रगतिपुस्तकातील वर्णनात्मक नोंद अधिक काम करते, असे माझे मत आहे. फक्त ती लिहिताना आळस करून चालत नाही. ‘अभ्यासात सुधारणा आवश्यक’ हे वाचून आई मुलाला रागावण्याखेरीज काय करणार? त्याऐवजी ‘ऋण संख्यांच्या गुणाकारात चिन्ह चुकते, बाकी पायऱ्या बरोबर असतात, गृहपाठ पूर्ण असतो पण स्वतः सोडवलेला वाटत नाही’ असे लिहिले, तर पालक स्वतःहून विचारायला येतात आणि येताना वही घेऊन येतात. वही समोर उघडी असली की बोलणे मुलाच्या स्वभावावर घसरत नाही, त्या उदाहरणापाशीच राहते. शिवाय शाळा सुरू झाल्यावर, काहीही बिघडलेले नसताना, मी प्रत्येक घरी एक फोन करते. शाळेचा फोन म्हणजे कागाळीच, हे पालकांच्या मनात इतके पक्के बसले आहे की पहिली काही मिनिटे ‘काय केलं त्यानं?’ या प्रश्नाची समजूत घालण्यातच जातात.

वडील, चाकण
आमच्या शाळेची पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते. पहिली पाळी असलेल्या माणसाला ती रजा टाकूनच गाठावी लागते. गेल्या वर्षी रजा टाकून गेलो, तर घटक चाचणीचे गुण सर्वांसमोर नावानिशी वाचून दाखवण्यात आले. माझ्या शेजारच्या बाकावर मुलाच्या मित्राचे वडील होते आणि ते माझ्याच खात्यात काम करतात. दोन्ही घरी त्या संध्याकाळी तुलना झालीच असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून ती दोन मुले वेगवेगळी शाळेत जाऊ लागली. यावर गटावर वाद घालण्याऐवजी मी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली : गुण ज्याचे त्याला सांगावेत आणि वर्षातून एक सभा तरी रविवारी घ्यावी. जाहीर वाचन थांबले. रविवार काही मिळाला नाही, परंतु शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वर्गशिक्षक तासभर थांबू लागले आहेत.

शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, बीड जिल्हा
वरील दोघांचे पालक निदान गावात असतात. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास तांडा रिकामा होतो आणि आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर जातात. मूल बरोबर जाणार असेल तर आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो, जेणेकरून तेथील जवळच्या शाळेत त्याला बसता यावे. ते पेटीच्या तळाशी पडून राहू नये म्हणून मी ते आईच्या हाती देतो आणि कोणाला, कधी दाखवायचे ते समजावून सांगतो. मूल आजीपाशी राहिले तर अडचण वेगळी असते : आजीला वाचता येत नाही आणि आईवडील दिवसभर फडात असतात. लिहिलेले संदेश पाठवणे मी सोडून दिले आहे. रात्री कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर) स्वयंपाक चालू असताना आवाजी संदेश ऐकला जातो, हे लक्षात आल्यावर मी आठवड्याला एक छोटा संदेश पाठवू लागलो, आणि तो मुलांकडूनच बोलवून घेतो. सातवीतील एक मुलगी गोरमाटीत (बंजारा बोलीत) सांगते की आज प्रयोगात काय केले, कोणता धडा वाचला. शेवटी मी एक वाक्य जोडतो. तिच्या आईचे उत्तर येते तेव्हा मागे ट्रॅक्टर चालू असतो, तरी मुलगी ते पुन्हा पुन्हा ऐकते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. हंगामात त्यांना बैठकीला आणायचे कोठून, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो.

आई, न्यू जर्सी
आमच्या गावात सहावी ते आठवीची शाळाच स्वतंत्र आहे. गुण पोर्टलवर येतात आणि बहुधा मुलाने सांगण्याआधी आम्हाला दिसतात, ज्याचा मुलाला फार राग येतो. आता आम्ही ते फक्त शुक्रवारी, त्याच्याबरोबर बसून पाहतो. शिक्षकांच्या भेटीत मूलच आपल्या कामाची फाइल आम्हाला उलगडून दाखवते आणि शिक्षक गरजेपुरते बोलतात. बीडच्या सरांची पद्धत मला याच्या फार जवळची वाटली.

निवृत्त मुख्याध्यापिका, कोल्हापूर
मूल समोर असावे, हे सरसकट मान्य करता येणार नाही. सातवी-आठवीतील काही मुली महिन्यातील ठरावीक दिवशी गैरहजर असतात, हे मला हजेरीपटावरून दिसले होते. सभेत विचारले असते तर कोणीही बोलले नसते. दोन शिक्षिकांनी आयांना वेगळे बोलावले, तेव्हा कारण समजले : स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती आणि दुपारनंतर पाणी नसे. घरचे आजारपण, वडिलांचे व्यसन, सुटलेली नोकरी हेही पालक मुलादेखत सांगत नाहीत.

वर्गशिक्षिका, सातारा (पुन्हा)
कोल्हापूरच्या बाईंचे म्हणणे पटते. अभ्यासाचे बोलणे मी मुलाला शेजारी बसवूनच करते. ते संपल्यावर त्याला वह्यांचा गठ्ठा शिक्षक-खोलीत ठेवून यायला सांगते आणि पालकांना एवढेच विचारते की मला माहीत असावे असे घरी काही आहे का. गठ्ठा कशासाठी पाठवला, हे सातवीच्या मुलाला बरोबर कळते. तो परतताना मुद्दाम रेंगाळतो.