अनुभव धागा : शब्द नसले तरी वाद्य काय बोलतं? (सोलापूर आणि आसपास)

धागाकर्ता : गड्डा

सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी कानावर पडते. शेजारच्या घरातल्या गाण्याचे शब्द कळतीलच असं नाही. पण बाहेर हलगी वाजली की लग्न आहे का मयत, हे दार न उघडता सगळ्यांना कळतं. कशामुळे? वाजवणाऱ्यांनी आणि गाणाऱ्यांनी लिहावं. स्वतःच्या आठवणी नकोत, त्या दुसऱ्या धाग्यावर. हात काय करतो, वाद्य काय करतं, कुठं फसतं, एवढंच लिहा.

टिपरू

हलगीचं सगळं ताणात आहे. शेकल्याशिवाय ती बोलत नाही. कागद, पाचट, मिळेल त्याचा जाळ करायचा आणि कडं धरून हलगी त्यावर फिरवत राहायची. जाळ कातड्याला लागू द्यायचा नाही. मधूनमधून टिचकी मारून बघायचं, 'टण्ण' आलं की बास. एकाच जागी धरली तर तेवढं कातडं करपतं आणि पुढं जोराचा हात बसला की तिथूनच फाटतं. पावसाळ्यात घटकाभरात उतरते, पुन्हा शेका. मे महिन्यात उलटी तऱ्हा. आपल्याकडं पारा 42-43 ला गेला की उन्हात ठेवलेली हलगी आपोआप चढते, म्हणून फडक्यात गुंडाळून सावलीत.

मिरवणुकीत डाव्या हातातली बारीक काडी सतत चालू असते आणि उजव्या हातातलं टिपरू (जाड काडी) तोडून मारतात. मयतीला ठोके कमी, दोन ठोक्यांमधली जागा मोकळी, घुमकं (हलगीच्या जोडीचं खर्जातलं वाद्य) पुढं आणि हलगी मागं. ती मोकळी जागाच माणसाला गप्प करते. नवीन पोरं नेमकी तीच भरून काढतात. आणि हलगी उतरलेली असेल तर वरातीचा ठेकाही मयतीसारखा लागतो, मग कितीही जोर करा.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज (खांद्यावर पेलायच्या उंच मानाच्या काठ्या) निघतात, तेव्हा नजर पेलणाऱ्याच्या पावलावर पाहिजे. हलगीनं घाई केली की पाय घाईला येतो, आणि वर काठी डुलते.

जवारी

टिपरूदादांच्या 'मोकळ्या जागे'ला जोड देतो. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्या. तिन्हींत कोमल रे, तीव्र म, बाकीचे शुद्ध, आणि पंचम (प) वर्ज्य, घ्यायचाच नाही. म्हणजे माल एकच. तरी तिन्हींचा परिणाम वेगळा, कारण मुक्काम वेगळा.

मारव्यात मुक्काम कोमल रे आणि ध वर, आणि 'सा' टाळत राहायचं. कानाला घरी जायचं असतं, तुम्ही उंबऱ्यावर उभं करता. हुरहुर तिथून येते. पूरियात ग आणि नि वर थांबायचं, चाल मंद्र-मध्य (खालच्या आणि मधल्या) सप्तकात, गंभीर होतो. सोहनी तार (वरच्या) सप्तकात नाचते. शिकणाऱ्याची हमखास चूक म्हणजे मारव्यात दर आलापाला 'सा' वर येऊन टेकणं. सूर बरोबर, राग गेला.

दुसरी चूक तंबोऱ्याची. पहिली तार नेहमीसारखी पंचमात ठेवून मारवा गायला की तो पंचम मागून सतत आधार देत राहतो, अस्वस्थता टिकत नाही. ती तार मंद्र निषादात लावा. मालकंस रागाला मध्यमात. लावताना आधी जोडीच्या ('सा'च्या) दोन तारा, मग खर्ज (खालचा 'सा'), शेवटी पहिली. खुंटीनं जवळपास आणायचं, बारीक फरक मण्यांनी. मग जवारीचा दोरा, म्हणजे तारेखालचा बारीक धागा, घोडीवर केसभर पुढंमागं सरकवायचा. आवाज मधमाशीसारखा उघडला की तिथं सोडायचा. दोरा फार पुढं गेला तर तार ठोकळ वाजते, आणि तसल्या तंबोऱ्यावर कुणाचंच मन बसत नाही.

आपली सवय म्हणून असं वाटतं, असं कुणी म्हणेल. 1999 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी आपलं संगीत कधी न ऐकलेल्या लोकांना राग ऐकवले होते. आनंद, दुःख आणि राग (म्हणजे संताप!) त्यांना ओळखता आले. शांत भाव मात्र नीट ओळखता आला नाही. मला यात नवल वाटत नाही, शांत रस वाजवणंही सगळ्यात अवघड.

भाता

पेटीवाल्यांसाठी दोनच गोष्टी. भैरव रागातला कोमल रे आंदोलित (हळू झुलणारा) आहे, दरबारी रागातला ग तर नेहमीच्या कोमलाहून खाली हलतो. पट्टीत ते सूर नाहीत. पट्टी दाबून धरली की गाणाऱ्याचा सूर बेसूर वाटायला लागतो, दोष पेटीचा असून. तिथं बोट उचला, गळ्याला एकटं सोडा, 'सा' वर परत भेटा. आणि भाता हिसके देऊन मारू नका. करुण जागी हवा कमी, सारखी.

कणीक

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, म्हणून पखवाजाचं. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडाला, गव्हाची कणीक लागते. पुरीच्या कणकेहून सैल, पण हाताला चिकटणार नाही इतपत मळायची. मध्ये जाड, कडेला पातळ अशी थापायची. कमी पडली तर धुम पोकळ भांड्यासारखी वाजते, जास्त झाली तर मुकी होते. उन्हात ती वाळून तडकते, त्यामुळे दिंडीत ओल्या फडक्यात जादा गोळा बांधून ठेवतात. वाजवून झालं की खरवडून काढायचीच, नाहीतर वास आणि मुंग्या.

टाळकऱ्यांची लय चढते तेव्हा पखवाजानं लगेच पळू नये. एक-दोन आवर्तनं धरून ठेवली की ताण साचतो, मग सोडायचं. रिंगणात अंगावर काटा येतो तो या सोडण्यानं.

पूर्वभाग

वाद्य नाही, पण अंगाई चालेल का? आमच्याकडं तेलुगू, पलीकडं कानडी, समोर मराठी. 'जो जो' तिन्हींत आहे. बाळाला शब्द कुठं कळतात? हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की परक्या भाषेतल्या, कधी न ऐकलेल्या अंगाईनंही बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

कृती अशी. चार-पाच सुरांपलीकडं जाऊ नका, ओळ नेहमी खाली उतरवून संपवा. थोपटणं गाण्याच्या लयीतच. बाळाचा श्वास मंदावला की लयही मंदावायची, मग शब्द सोडून नुसतं गुणगुणणं. सगळ्यांचं चुकतं ते इथं : डोळे मिटले की गाणं एकदम तोडतात, आणि पोरगं टक्क जागं. आवाज हळूहळू विरवा. थोपटणं त्याच्याही नंतर थांबवा.

टिपरू

पूर्वभाग, हेच हलगीचं. मयतीत शेवटचा ठोका कधी जोरात मारत नाहीत.