सोसायटीची रजिस्टरं रद्दीत घाला म्हणणाऱ्यांसाठी

जुना_सचिव
परवा इथं एकाने लिहिलं, "ज्या सोसायटीत अजून हाताने पावत्या फाडतात तिथं फ्लॅट घेऊ नका, एवढं सॉफ्टवेअर दोन रविवारांत होतं." डोकंच फिरलं. आमची ४८ फ्लॅटची सोसायटी, मी ११ वर्षं सचिव. २०१६ ला चेअरमनच्या भाच्याने दोन रविवारांतच करून दिलं होतं, पेढेसुद्धा वाटले. थकबाकीवर तेव्हाच्या उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, २१ टक्के सरळव्याज होतं, याने दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिसळून चक्रवाढ लावलं. फ्लॅट भाड्याने दिलेल्यांकडून बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्के घ्यायचं, याने अख्ख्या बिलाच्या घेतलं, सिंकिंग फंडासकट, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीच्या साठवणीसकट! दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बिल घेऊन माझ्या दारात रडत उभ्या. चूक सापडली ती लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीवरून. भाचा तोवर जर्मनीत.

रविवारी_कोड
ती पोस्ट माझीच. काका, भाच्याला उपविधी वाचायला कुणी दिले होते का? की "मेंटेनन्सचं काहीतरी करून दे रे" एवढंच? चक्रवाढ तुमच्या तोंडी सांगण्यातून आलं असणार. आमच्याकडची वही ऐका. मीटररूममधल्या कपाटात पाणी शिरलं, शेअर रजिस्टरचा लगदा झाला, मग घरोघर फिरून शेअर सर्टिफिकेटच्या झेरॉक्स गोळा करण्यात चार महिने गेले. आणि आय रजिस्टरमध्ये, म्हणजे सभासदांच्या नोंदवहीत, वारसाच्या नोंदी पेन्सिलीने केलेल्या. पेन्सिलीने!!

जुना_सचिव
कपाट मीटररूममध्ये ठेवणाऱ्याचा दोष वहीवर कशाला?

रविवारी_कोड
आणि भाच्याचा दोष सॉफ्टवेअरवर, तो चालतो.

ऑडिटवाली
आय आणि जे नमुना (जे म्हणजे सभासदांची यादी) ठेवावाच लागतो, तो कॉम्प्युटरवर ठेवून प्रिंटवर सह्या घेतल्यात तर माझी काही तक्रार नाही. माझं दुखणं वेगळंच आहे. एका सोसायटीची सभासद यादी जुन्या फॉन्टात टाईप केलेली, नवीन मशीनवर उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस यांचा नुसता चिवडा. ११२ नावं परत टाईप केली, रात्री दीडपर्यंत.

हजेरीत_शेवटचा
आता विषय निघालाच आहे तर. युनिकोडात, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, देवनागरी १९९१ पासून आहे, तरी लोक अजून जुन्या फॉन्टात याद्या करतात. आणि युनिकोड केलं तरी संपत नाही. माझं आडनाव क्ष वरून. शाळेत हजेरीत मी शेवटून पहिला, आमच्या सोसायटीच्या सॉफ्टवेअरने मला कोल्हेंच्या मागे आणि खऱ्यांच्या पुढे बसवलं. मराठी शब्दकोशात क्ष, ज्ञ शेवटी असतात हो!

रविवारी_कोड
कारण संगणकाला क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. क्रम मराठीचा लावायला एक ओळ पुरते.

हजेरीत_शेवटचा
मग ती एक ओळ गेली सहा वर्षं कुणी का लिहीत नाही?

ऑडिटवाली
क्ष सोडा, कऱ्हाडे बघा. तो र दोन तऱ्हांनी टाईप होतो, स्क्रीनवर दिसायला हुबेहूब सारखा, पण एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. एका ठिकाणी कऱ्हाडे दोनदा सभासद झाले, दोन बिलं, त्यातलं एक कायम थकीत. नोटीस गेली त्या भल्या माणसाला.

जुना_सचिव
हा हा! वहीत कऱ्हाडे एकदाच असतात.

रविवारी_कोड
नावावरून शोधायचंच कशाला, फ्लॅट नंबर लावा. आणि काका, स्पष्टच बोलतो, तुमचं प्रेम वहीवर नाही, कपाटाच्या किल्लीवर आहे. ११ वर्षं सगळे हिशेब तुम्हालाच विचारायचे.

जुना_सचिव
तोंड सांभाळून. ११ वर्षांत एक रुपया मानधन घेतलेलं नाही, चहासुद्धा घरचा. किल्ली हवी तर उद्या येऊन घेऊन जा, सोबत टाकीवाल्याची भांडणंही न्या.

ऑडिटवाली
दोघंही बरोबर आहात असं मी अजिबात म्हणत नाहीये. दोन्ही तीन महिने शेजारी शेजारी चालवा, आकडे जुळले की वही थांबवा. बहुतेकांना एवढाही धीर नसतो.

जुना_सचिव
बरं. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे, ठराव ठेवतो. उपविधींची प्रत आधी देईन, सही घेऊन. बिलं छापण्याआधी मी पेन्सिलीने तपासणार.

रविवारी_कोड
पेन्सिल आलीच शेवटी. मान्य.

हजेरीत_शेवटचा
आणि क्ष?