ड्रम्स नाहीत, मग ती टक-टक कसली? (एल्विस, सन रेकॉर्ड्स आणि रॉकबिली)

रात्रीचा_श्रोता

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे एल्विस प्रेस्लीची अगदी सुरुवातीची, मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सवरची गाणी हेडफोन लावून ऐकतोय. 'दॅट्स ऑल राइट' तर रोज एकदा होतंच. जिथे तिथे वाचलं की या गाण्यात ड्रमर नाही. एल्विसची साधी गिटार, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक गिटार आणि बिल ब्लॅकचा डबल बास (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य), एवढाच ताफा. पण मला मागे सतत एक टक-टक ऐकू येते आणि गाणं तिच्याच जोरावर पळतंय असं वाटतं. ती कुठून येते? दुसरं म्हणजे, प्रत्येक शब्दाच्या पाठोपाठ त्याची सावली आल्यासारखी ऐकू येते, ते काय आहे? आणि एल्विसनंतर कोणाकडे वळू, तेही सांगा.

खर्जाची_तार

तुमचा कान अगदी नेमक्या जागी गेलाय. ती टक-टक डबल बासचीच आहे. मी अकरा वर्षं हे वाद्य वाजवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डबल बास एरवी बोटाने छेडतात, तार बाजूला सरकवून. 'स्लॅप' नावाच्या पद्धतीने वाजवताना बोटं तारेत अडकवायची, ती लाकडी पट्टीपासून दूर ओढायची आणि सोडून द्यायची. तार सपकन परत येऊन पट्टीवर आपटते. एकाच क्षणी खर्जाचा स्वरही निघतो आणि लाकडाचा 'टक'ही. मग लगेच उघड्या तळव्याने तारांवर थाप, तिथे स्वर नाही, नुसता 'चट्'. स्वर, चट्, स्वर, चट्. गाणं द्रुत असेल तर दोन स्वरांच्या मध्ये अशा दोन थापा बसवतात आणि मग ऐकणाऱ्याला घोडा दौडत असल्याचा भास होतो. मी सुरुवातीला हे पोलादी तारांवर करायला गेलो आणि तिसऱ्याच दिवशी दोन बोटांची कातडी सोलवटून निघाली. आता आतड्याच्या तारा लावतो, त्या हाताला मऊ लागतात, तरीही बोटांना चिकटपट्टी गुंडाळल्याशिवाय तासभर निभत नाही. म्हणून ती टक-टक ऐकली की मला आधी बिल ब्लॅकचे हात आठवतात. त्याने हे तंत्र शोधलं नव्हतं. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझमध्ये पॉप्स फॉस्टरसारखे कृष्णवर्णीय वादक कितीतरी आधीपासून असे वाजवत. पण ड्रम्सची जागा मोकळी असलेल्या तिघांच्या ताफ्यात त्या थापेला जे महत्त्व आलं, ते रॉकबिलीतच, म्हणजे कृष्णवर्णीयांचा ब्लूज आणि गोऱ्यांचं कंट्री संगीत यांच्या या मिश्रणात.

आता सावलीबद्दल. सन रेकॉर्ड्सचा मालक सॅम फिलिप्स याचा स्टुडिओ म्हणजे मेम्फिसमधली ७०६, युनियन अव्हेन्यू इथली एक लहानशी खोली. १९५० साली त्याने तो सुरू केला आणि १९५२ मध्ये सन रेकॉर्ड्स हे लेबल काढलं. त्याच्याकडे अँपेक्स कंपनीची दोन टेप यंत्रं होती. एकावर गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं. तोच आवाज दुसऱ्या यंत्रात सोडायचा. तिथे टेप आधी नोंदणाऱ्या हेडखालून जाते आणि दोनेक इंच पुढे वाजवणाऱ्या हेडपाशी पोचते. तेवढं अंतर कापायला लागणारा वेळ, सेकंदाचा साधारण आठवा भाग, हाच तुमच्या सावलीचा उशीर. हा उशिराने आलेला आवाज मूळ आवाजात परत मिसळायचा. याला स्लॅपबॅक म्हणतात. तीन माणसांचा बारीक आवाज त्याने भरदार होतो आणि बासची एक टक दोन टकांसारखी ऐकू येते. पुढे आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने एल्विसला घेतल्यावर जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिलला 'हार्टब्रेक हॉटेल' मुद्रित केलं, तेव्हा त्यांना तोच परिणाम हवा होता. त्यासाठी त्यांनी चक्क इमारतीतल्या बोळाचा प्रतिध्वनी वापरला. तो बोळ त्या गाण्यात स्पष्ट ऐकू येतो, पण ती सन रेकॉर्ड्सची सावली नाही.

आणि ती ५ जुलै १९५४ची रात्र. एल्विस १९ वर्षांचा, ट्रक चालवणारा. बिल ब्लॅक टायरच्या कारखान्यात, स्कॉटी कपडे धुण्याच्या दुकानात कामाला. बराच वेळ संथ गाणी म्हणून झाली, काही जमेना. मधल्या विसाव्यात एल्विसने गंमत म्हणून आर्थर क्रुडपचं १९४६ सालचं ब्लूज गाणं उचललं आणि उड्या मारत म्हणू लागला. बिलने बास धरला, स्कॉटी मागून आला. आतल्या काचेमागून सॅमने विचारलं की हे काय चाललंय, आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं. काही दिवसांतच मेम्फिसचा रेडिओ निवेदक ड्यूई फिलिप्स याने ते हवेवर लावलं आणि श्रोत्यांचे फोन सुरू झाले. ड्यूईने मुलाखतीत एल्विसला कुठल्या शाळेत होतास असं विचारलं. उत्तरातल्या शाळेच्या नावावरून ऐकणाऱ्यांना गाणारा गोरा आहे हे कळावं, एवढ्यासाठीच. त्या शहरात शाळासुद्धा वर्णाप्रमाणे वेगळ्या होत्या.

त्या तबकडीची दुसरी बाजू जरूर ऐका. बिल मनरोचं 'ब्लू मून ऑफ केंटकी', मूळ संथ, तीनच्या ठेक्यातलं. या तिघांनी ते चारच्या ठेक्यात घालून पळवलं. एका बाजूला कृष्णवर्णीयांचा ब्लूज, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांचं डोंगरी संगीत, आणि दोन्ही बाजूंना वाजवणारे तेच तिघे. रॉक आणि हिलबिली हे दोन शब्द जोडून झालेलं 'रॉकबिली' हे नाव पुढे आलं. 'हिलबिली' हा दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांना हिणवायचा शब्द, म्हणून या गायकांपैकी कित्येकांना ते नाव आवडत नसे. मला मात्र कुठलीही व्याख्या वाचण्यापेक्षा ही एक तबकडी उलटसुलट वाजवणं जास्त पटतं.

बी_साइड

वरच्या उत्तराला माझी पुरवणी एकाच माणसाची. कार्ल पर्किन्स. एल्विस इतरांची गाणी म्हणायचा. पर्किन्स लिहायचा, गायचा आणि मुख्य गिटारही स्वतःच वाजवायचा. टेनेसीतलं बटाईने कापूस पिकवणारं गरीब कुटुंब, गिटारचे पहिले धडे शेतावरच्या एका वयस्क कृष्णवर्णीय मजुराकडून. 'ब्लू स्वेड शूज'चे शब्द बटाट्याच्या कागदी पिशवीवर उतरवले, असं तो स्वतः सांगायचा. १ जानेवारी १९५६ला ते गाणं बाजारात आलं आणि पॉप, कंट्री, रिदम अँड ब्लूज अशा लोकप्रियतेच्या तिन्ही याद्यांत वर चढलं. सन रेकॉर्ड्सची दहा लाखांवर खपलेली पहिली तबकडी हीच. तो राष्ट्रीय टीव्हीवर गायला न्यूयॉर्कला निघाला होता. २२ मार्चला पहाटे डेलावेअरमध्ये गाडीला अपघात झाला. कार्ल आणि 'जे' नावाचा त्याचा भाऊ, दोघेही जबर जखमी झाले. ऐन भराचा काळ इस्पितळात गेला. मला या गोष्टीची हळहळ अजून वाटते. पुढे बीटल्सनी त्याची तीन गाणी मुद्रित केली, ही त्याला मिळालेली मोठी दाद.

रात्रीचा_श्रोता

किती छान लिहिलंत दोघांनी! आज बोळाचा प्रतिध्वनी आणि टेपची सावली शेजारी शेजारी ऐकली, फरक लगेच कळला. आता एक मनातली शंका. मूळ गाणं क्रुडपचं, स्लॅप न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांचं, पर्किन्सचा गुरूही कृष्णवर्णीय. मग याला चोरी का म्हणू नये? आणि यात बायका कुठेच दिसत नाहीत, त्या नव्हत्याच का?

खर्जाची_तार

शंका रास्त आहे आणि तिला एका शब्दात उत्तर देणं मला जमणार नाही. वाजवण्यात देवघेव होती. ब्लूज वाजवणाऱ्यांनी गोऱ्यांची कंट्री गाणी रेडिओवर ऐकली होती, तसंच उलटही. सॅम फिलिप्सने एल्विसच्या आधी हाऊलिन वूल्फ, बी. बी. किंग अशा लोकांना त्याच खोलीत मुद्रित केलं होतं. अन्याय झाला तो पैशात. १९५५च्या नोव्हेंबरात आरसीएने एल्विसचा करार सॅमकडून ३५,००० डॉलरना घेतला. आर्थर क्रुडप मात्र आपल्या गाण्यांच्या रॉयल्टीसाठी वर्षानुवर्षं भांडला, मजुरी करून पोट भरत राहिला आणि १९७४ साली हक्काचे पूर्ण पैसे पदरात न पडताच गेला. म्हणून 'दॅट्स ऑल राइट' कोणाला ऐकवायचं झालं की मी आधी क्रुडपचं लावतो. त्याचं नाव घेतल्याशिवाय मी ते गाणं वाजवत नाही.

बायका होत्या, आणि दमदार होत्या. ओक्लाहोमाची वांडा जॅक्सन १९५५ मध्ये एल्विसबरोबर दौऱ्यावर होती. कंट्री गाणाऱ्या या मुलीला हा नवा प्रकार गा असं त्यानेच सुचवलं. तिचा आवाज ऐकाल तर घशात वाळू आणि मध एकत्र असल्यासारखा. 'फुजियामा मामा' अमेरिकेत चाललं नाही, जपानमध्ये मात्र गाजलं. 'लेट्स हॅव अ पार्टी'ला अमेरिकेत यश यायला १९६० उजाडलं. तिच्यासोबत बिग अल डाउनिंग हा कृष्णवर्णीय पियानोवादक वाजवायचा. त्या काळात अशी मिश्र मंडळी मंचावर उभी करायला छाती लागत होती. जॅनिस मार्टिनही ऐका. आरसीएने तिची जाहिरात 'स्त्री-एल्विस' अशी केली होती. दुसऱ्याच्या नावाने ओळख करून द्यायची ही रीत मला खटकते, गाणं स्वतःच्या पायावर उभं राहणारं आहे.

आणि तुम्हाला ड्रम्सविना ठेक्याची गोडी लागलीच आहे, तर जॉनी कॅशचं १९५६चं 'आय वॉक द लाइन' लावा. त्याच्याकडेही ड्रमर नव्हता. त्याने गिटारच्या तारा आणि मानेची पट्टी यांत कागदाची घडी सरकवली. तारा मग खणखणत नाहीत, नुसत्या खरखरतात, स्नेअर ड्रमवर ब्रश फिरवावा तशा. मी घरी करून पाहिलं. कोरा जाड कागद नको, दोनदा घडी घातलेला मऊ कागद हवा, आणि तो तारांना आलटून पालटून वर-खाली विणायचा.

व्हॉल्व्ह_रेडिओ

सन रेकॉर्ड्सच्या बाहेरही पाहा. जीन व्हिन्सेंटच्या 'बी-बॉप-अ-लुला'मधली क्लिफ गॅलपची गिटार ऐकून मी वाजवणं शिकलो. त्याचं व्हिन्सेंटबरोबरचं सगळं काम १९५६ या एकाच वर्षातलं. जॉनी बर्नेटच्या त्रिकुटाचं 'ट्रेन केप्ट अ-रोलिन' त्याच वर्षीचं, गिटारचा आवाज फाटलेला, आणि फाटलेला म्हणूनच सुंदर. जेरी ली लुईसने तर हा प्रकार पियानोवर नेला.

हा बहर टिकला चारेक वर्षं. मार्च १९५८ला एल्विस सैन्यात गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लुईसने तेरा वर्षांच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केल्याचं इंग्लंडमध्ये उघड झालं आणि त्याचा दौरा गुंडाळला गेला. एडी कॉक्रन १९६०च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्येच मोटार अपघातात गेला, अवघा २१ वर्षांचा. त्या गाडीत जीन व्हिन्सेंटही होता. नंतर ब्रायन सेट्झरच्या स्ट्रे कॅट्सनी ऐंशीच्या दशकात उभा बास पुन्हा मंचावर आणला.

रात्रीचा_श्रोता

आज ठरवून 'मिस्टरी ट्रेन' ऐकलं. आधी ज्युनियर पार्करचं १९५३चं, मग एल्विसचं १९५५चं. दोन्ही सन रेकॉर्ड्सचीच. पार्करची गाडी धापा टाकत, सॅक्सोफोनच्या सुरात हळूहळू जाते. एल्विसची सुसाट. आणि अगदी शेवटी, आवाज विरत असताना, तो हसतो का? की मला भास झाला?

खर्जाची_तार

भास नाही, हसतोच तो. सॅमने ते हसू कापलं नाही. आता पार्करच्या त्याच तबकडीची दुसरी बाजू लावा, 'लव्ह माय बेबी'. स्कॉटीने एल्विसच्या गाण्यात वाजवलेली गिटारची चाल तिथली आहे.