घरकुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतील नोकरी कशी असते?

प्रश्न (कराडकर): स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी सध्या साताऱ्यात एका कंत्राटदाराकडे काम पाहतो. गरीब कुटुंबांना घर बांधण्यास साहाय्य करणाऱ्या एका सेवाभावी संस्थेने पाटण तालुक्यासाठी मला विचारले आहे. पगार कमी आहे, ते घरी पटवून देता येईल. परंतु प्रत्यक्ष काम काय असते आणि माझ्या शिक्षणाचा त्यात कितपत उपयोग होतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाळवेकरीण: मी सांगली जिल्ह्यात अशाच संस्थेत आहे. सुरुवातीला आपल्या हाती नकाशांपेक्षा जमिनीच्या मालकीचे उतारेच अधिक येतील. जागा आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही आणि संमतिपत्रावर सही करणारे चुलते मुंबईहून गणपतीलाच गावी येणार, अशा प्रकरणात पाया खणण्याआधीच वर्ष सरते. गायरानात राहणाऱ्यांचे तर अतिक्रमण नियमित होईपर्यंत काहीच हलत नाही.

त्यानंतर हप्ते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपयांचे अनुदान आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. मंजुरीबरोबरचा पहिला हप्ता पायातच जिरतो. पुढचा मात्र त्या टप्प्याचे जिओटॅग केलेले (म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले) छायाचित्र चढल्यावरच सुटतो, त्यामुळे मधला खर्च कुटुंबाला सिमेंटच्या दुकानातील उधारीवर किंवा बचत गटाच्या कर्जावर भागवावा लागतो. बहुतेक घरे इथेच अडतात, आणि माझ्या मते संस्थेचा खरा कस दुकानदाराला शब्द देण्यात व पंचायत समितीत पाठपुरावा करण्यात लागतो. मंजुरी आपल्याच हाती आहे, असा लोकांचा समज असतो. “मॅडम, आमचं नाव तेवढं यादीत घाला,” असे रोज कानी पडते आणि रोज न चिडता नाही म्हणावे लागते.

कोयनाकाठ: वरील प्रतिसादाशी सहमत आहे, तथापि पाटणमध्ये अभियंत्याची गरज कमी लेखू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच तालुक्यातला. जोत्यावर आणि लिंटलच्या (दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या) पातळीवर काँक्रीटची सलग पट्टी असेल, तर धक्क्यात चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. गवंडी मात्र घाईत कोपऱ्यावरची सळी वाकवून पुढच्या भिंतीत न नेता तिथेच तोडतो, आणि काँक्रीट ओतल्यावर ते कोणालाच दिसत नाही. हप्त्याच्या छायाचित्राला भिंत उभी दिसली की पुरते (सळी कोण पाहतो!). म्हणून काँक्रीट ओतण्याच्या दिवशी आपण तिथे हजर असलेच पाहिजे. गवंडी बहुधा वडीलधारे असतात. त्यांना चार माणसांत न टोकता “मामा, जरा इकडे या” म्हणत बाजूला घेऊन सांगितले, तर ते ऐकतात.

माहुलीकर: रुजू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. अशा संस्थांचा निधी पुष्कळदा कंपन्यांच्या सामाजिक दायित्वातून येतो आणि नेमणूक प्रकल्पापुरती असते, त्यामुळे मार्चअखेर जवळ आली की जीव टांगणीला लागतो. प्रकल्प किती वर्षांचा आहे, दुचाकीच्या पेट्रोलचा खर्च मिळतो का, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का आणि पाटणच्या पावसात बांधकामे बंद पडतात तेव्हा पगार चालू राहतो का, एवढे तरी नेमणूकपत्रात आहे का ते पाहावे.